घरी लावलेला तबला मंडपात उतरतो

महोदय,

श्रावणातल्या कानबाईच्या रोटांपासून, म्हणजे कानबाई देवीच्या सणापासून, खान्देशात भजनी मंडळे आणि हौशी ऑर्केस्ट्रांची धांदल सुरू होते. सुरुवातीचा वेळ हमखास माइकच्या शिट्टीत जातो आणि बोलणी बसतात साउंडवाल्याला. दोष पुष्कळदा आपलाच असतो.

श्रावणाच्या दमट हवेत तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैल पडून सूर उतरतो. हॅलोजनच्या उष्णतेने तोच चढतो. म्हणून तबला घरून लावून आणण्यात अर्थ नाही. अर्धा तास मंडपात उघडा ठेवावा, मग पेटीशी मिळवावा. मोठा फरक गट्ट्यांवर (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांवर), बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर) काढावा. ठोके समोरासमोरच्या घरांवर (गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागांवर) आळीपाळीने द्यावेत. एकाच बाजूला ठोकत गेल्यास चाट (पुडीची किनार) सगळीकडे सारखी बोलत नाही, आणि मग ऐन गाण्यात हातोडी वाजत राहते.

माइकची जाळी मुठीत धरणे हा तर साथीचा रोगच आहे! तसे धरले की माइक मागचा, बाजूचाही आवाज ओढतो आणि शिट्टी वाजते. दांडा धरावा, तोंडापासून दोन-तीन बोटे अंतर ठेवावे. मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या पाठीकडे, मुख्य स्पीकर गायकांच्या पुढे हवेत. पेटीचा माइक भात्याजवळ नको, फुसफुस येते.

आयोजकांनी साउंडचेकला पाऊण तास द्यावा. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. उशीर झाला की कात्री लागते ती शेवटच्या भैरवीला.

– एक वाचक, अमळनेर