कॅन्सर मेंदूत गेला म्हणजे संपलंच असं छापू नका

मा. संपादक,

तुमच्या आरोग्य पुरवणीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीवर लेख आला, लेख चांगलाच होता पण शेवटी 'मेंदूपर्यंत पोचला की उपचार नसतात' असं एक वाक्य टाकलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

असं सरसकट नसतं हो. मुळात गर्भाशयमुखाचे, ओव्हरीचे असे कॅन्सर मेंदूत क्वचितच जातात, ओव्हरीचा साधारण शंभरात एक-दोघींचा, त्यामुळे लक्षणं दिसली तरी कोणाच्या डोक्यात येत नाही. माझ्या मावशीचं ओव्हरीचं ऑपरेशन, केमो सगळं होऊन ती छान होती, सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) पण नॉर्मल, मग डोकं दुखायला लागलं, उलट्या, आणि ब्लाऊजचे हूक लावता येईनात. डॉक्टरांनी आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या मग मानेचा पट्टा, एमआरआय झाला तेव्हा कुठे कळलं, मेंदूत एकच गाठ होती. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने गाठीभोवतीची सूज उतरली तशी दोन-तीन दिवसांत हूक स्वतः लावायला लागली. अर्थात सूज उतरली म्हणजे कॅन्सर गेला नाही, बऱ्याच घरांत इथेच गैरसमज होतो.

गाठ एकच असेल आणि बाकी शरीरातला आजार आटोक्यात असेल तर ऑपरेशन करतात किंवा गामा नाईफसारखं नेमक्या जागी रेडिएशन देतात. १९९० साली अमेरिकेत एकच गाठ असलेल्या, वेगवेगळ्या कॅन्सरच्या पेशंटवर अभ्यास झाला होता, त्यात नुसता शेक, म्हणजे रेडिएशन, दिलेल्यांचा जगण्याचा मध्यक (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले असा काळ) १५ आठवडे आणि ऑपरेशन करून शेक दिलेल्यांचा ४० आठवडे आला. मावशीचंही ऑपरेशन आणि शेक झाला, नंतर ती वर्षभराहून जास्त होती, नातीच्या बारशाला आली. गाठी बऱ्याच असतील तर सगळ्या डोक्याला शेक देतात, तिथे मात्र बहुतेकदा महिन्यांचीच गोष्ट असते, केमोची बरीच औषधं मेंदूत नीट पोचतच नाहीत. पण द्राक्षगर्भानंतर (गर्भाऐवजी द्राक्षांसारखे फुगे वाढतात ते गरोदरपण) होणारा कोरिओकार्सिनोमा हा वारेच्या पेशींचा कॅन्सर मेंदूत गेला तरी केमोने पूर्ण बरा होऊ शकतो, आणि या पोरी बहुतेक ऐन विशी-तिशीतल्या असतात!

'आता काही होत नाही' ऐकून माणसं पेशंटला घरी घेऊन जातात. गाठी किती, कुठे, बाकी आजार कुठवर, एवढं तरी त्यांनी विचारायला हवं. आणि खरंच हातात थोडेच दिवस असतील तरी डोकेदुखी, फिट यांवर औषधं आहेत, त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह केअर आहे.

त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी ही विनंती.

आपली,
एक वाचक