ज्युडीबाई, ते आठ फूट मला फार उपयोगी पडले

ज्युडी डेंचबाईंना,
स. न. वि. वि.

बाई म्हटलेलं चालेल ना? आमच्याकडे नाटकातल्या मोठ्या बायकांना बाईच म्हणतात, मॅडम म्हटलं की बँकेत आल्यासारखं वाटतं. तुम्ही तिकडे इंग्लंडातल्या एवढ्या मोठ्या नटी, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही आणि पोचलं तरी ते मराठीत, पण आभार मानायचे राहिले की मला झोप लागत नाही. आणि हे मी फोनला बोलून लिहितेय, टाइप करायला अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे पूर्णविराम कुठे पडतील ते त्या फोनलाच माहीत.

मी सांगलीची, हौशी नाटकवाली. नोकरी सांभाळून पस्तीसेक वर्षं राज्य नाट्य स्पर्धा केल्या. तीन वर्षांपूर्वी पेपरातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या, बाथरूमच्या टाइल्सच्या रेघा मध्येच पोक काढल्यासारख्या, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डॉक्टरांनी चौकटी चौकटीचा कागद हातात दिला, एक डोळा झाका म्हणाले, मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाले. मला ठिपकाच दिसेना. मॅक्युलर डिजनरेशन, वयामुळे होणारं. यात कडेकडेचं दिसतं, मधलंच जातं. म्हणजे समोर माणूस उभा राहिला की खांदे दिसतात, कान दिसतात आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. आता समोरच्याच्या डोळ्यात बघूनच तर आमचं सगळं चालतं. मी संस्थेत सांगून टाकलं, यापुढे मी फक्त प्रेक्षकात. फार कुणी आग्रहही केला नाही हो. एकजण तर म्हणाला, बरंच झालं, नव्या मुलींना संधी मिळेल. असो.

तर भाचीने एक दिवस तुमची क्लिप लावली. 2023 ची, ग्रॅहम नॉर्टनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या शोमधली, तुम्ही शेक्सपियरचं 29वं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, म्हणता ती. हसण्याखिदळण्याचा कार्यक्रम आणि एकदम सगळे गप्प. माझं इंग्रजी बेताचं, शेक्सपियरचं तर त्याहून बेताचं, पण तुम्ही श्वास कुठे घेतला आणि कुठे मुद्दाम नाही घेतला ते बरोबर कळलं. भाची म्हणाली, मावशी, यांना पण तुझंच झालंय, 2012 लाच सांगितलंय त्यांनी. म्हणजे पिक्चरमध्ये जेम्स बाँडच्या बॉस होतात तेव्हा! मी ते पिक्चर पाहिलेत की, एकदाही शंका आली नाही.

मग मी भाचीच्या मागे लागून तुमचं सगळं वाचून घेतलं. 1957 ला ओल्ड व्हिक नाटक कंपनीत पहिलीच भूमिका 'हॅम्लेट'मधल्या ओफेलियाची आणि समीक्षकांनी धुतलं. सिनेमावाल्या कुणीतरी तोंडावर सांगितलं की तुमच्या चेहऱ्यात सगळंच चुकलंय (हे तुम्हीच हसत हसत सांगता, मी असते तर आठवडाभर रडले असते). 1981 ला 'कॅट्स' या संगीत नाटकाच्या तालमीत पायाची शीर तुटली, रोल गेला. ऑस्करचं पहिलं नॉमिनेशन 'मिसेस ब्राउन' सिनेमाचं, साठी उलटल्यावर. आणि ऑस्कर मिळालं ते पडद्यावरच्या जेमतेम काही मिनिटांसाठी, आमच्याकडे एवढ्याशा रोलला लोक चहासुद्धा विचारत नाहीत.

पण मला खरं धरून ठेवलं ते 1976 च्या 'मॅकबेथ' नाटकाने, तुम्ही लेडी मॅकबेथ. शेक्सपियरच्या गावचं, स्ट्रॅटफर्डचं ते पत्र्याच्या शेडसारखं छोटं थिएटर, नेपथ्य जवळजवळ नाही, प्रवेश नसेल तेव्हा नट बाजूला खोक्यांवर बसलेले. त्याच सुमाराला आमच्या दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं चालायची, तीच जात बघा. त्याचं नंतर टीव्हीसाठी चित्रीकरण झालं ते मी टीव्हीला नाक लावून पाहिलं. झोपेत चालत येऊन हात चोळायचा प्रवेश. लेडी मॅकबेथचे डोळे उघडे आहेत पण त्यांना दिसत काही नाही, आणि तुम्ही तो लांबच लांब हुंकार काढता, म्हणजे रडणंही नाही आणि ओरडणंही नाही, श्वास संपेपर्यंत नुसतं काहीतरी बाहेर येतंय. त्या वेळी तुमचे डोळे धडधाकट होते. मी तो प्रवेश तीनदा लावला, तिसऱ्यांदा डोळे मिटून.

आणि मग ती गोष्ट ऐकली. 2015 ला लंडनच्या गॅरिक थिएटरात 'द विंटर्स टेल', तुम्ही पॉलिना, लांबलचक भाषण, समोर नट केनेथ ब्रॅना. प्रयोग सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर तो तुम्हाला म्हणतो, ज्युडी, हेच भाषण आठ फूट उजवीकडे बघून केलंस तर ते मला उद्देशून होईल, आत्ता तू रंगमंचाच्या कमानीच्या खांबाशी बोलतेयस. बाई, मी इतकी हसले की भाची घाबरली. म्हणजे एवढ्या मोठ्या नटीनेही ऐंशीव्या वर्षी खांबाशी संवाद म्हटले, आणि वर ते चारचौघांत सांगितलं! मी दीड वर्ष ज्या लाजेने घरात बसले होते ती हीच, की चुकीकडे बघून बोलले तर लोक काय म्हणतील.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेले. एका एकांकिकेत आजीचं काम होतं, मागून घेतलं. तुम्ही कुणाकडून तरी वाचून घेऊन पाठ करता ना, तसं भाची मला व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट पाठवते, आधी समोरच्याचं वाक्य, मग माझ्यासाठी जागा सोडते. मागे कुकरच्या शिट्ट्या असतात, त्या पण पाठ झाल्यात. नातवाचं काम करणारा मुलगा बोलायच्या आधी चप्पल जमिनीवर घासतो, तो माझा इशारा. मी त्याच्या कानाकडे बघते, मग तोंडाचा थोडा भाग कडेला येतो. पहिल्या तालमीत मी अख्खं स्वगत एका प्लॅस्टिकच्या खुर्चीला ऐकवलं. दिग्दर्शक गप्प, सगळे गप्प. मीच म्हटलं, अरे आठ फूट कुठल्या बाजूला ते तरी सांगा.

आता सेटवर दिसत नाही असं तुम्ही अलीकडे म्हणालात ते ऐकून वाईट वाटलं. 'बेलफास्ट' सिनेमासाठी 87व्या वर्षी ऑस्करचं आठवं नॉमिनेशन, आणि त्यानंतर हे. धीर वगैरे मी काय देणार तुम्हाला. फक्त आभार मानते, अगदी मनापासून.

भाचीची व्हॉइस नोट आली वाटतं, दुसरा प्रवेश राहिलाय. थांबते.

तुमची,
सांगलीची एक आजी (नाटकातली आणि घरातलीही)