पश्या, फिल्टरवरची भोकं बघितलीस का कधी?

प्रिय पश्या,

दिवाळीनंतर एक फोन केला नाही तुला, मेसेजला नुसता अंगठा. शिव्या घाल, हक्क आहे तुझा. इकडे सगळं ठीक, आईचे गुडघे तसेच, माझं बीपी गोळीवर. हे पत्र तुलाच लिहितोय कारण हिला सांगितलं तर म्हणेल मग सिगरेट सोड ना, आणि विषय संपला. तेवढ्यावर संपणारा नाहीये रे हा विषय.

गेल्या रविवारी सानूच्या शाळेची पोरं उपवनला तलावाकाठचा कचरा उचलायला गेली होती. घरी आली ती थेट माझ्या पाकिटाकडे, एक सिगरेट काढून फिल्टर सोलला आणि म्हणे बाबा हा कापूस नाहीये, प्लास्टिक आहे, सेल्युलोज ॲसिटेट. मग वरचा कागद मोबाईलच्या टॉर्चसमोर धरला तर त्यात गोल रांगेत बारीक बारीक भोकं. "ही कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

दोन रात्री वाचत बसलो. लाईट सिगरेट लाईट होते ती मुख्यतः त्या भोकांमुळे. लॅबमध्ये मशीन सिगरेट ओढतं, 35 मिलिलिटरचा झुरका, 2 सेकंदांचा, मिनिटाला एक. मशीनला ना ओठ ना बोटं, भोकांतून हवा शिरते, धूर पातळ होतो आणि टारचा, म्हणजे धुरातल्या चिकट काळ्या द्रव्याचा, आकडा छान कमी येतो. आपण मशीन थोडेच आहोत? निकोटीन कमी पडलं की आपण नकळत मोठा झुरका घेतो, खोल घेतो, घाईने घेतो, आणि भोकं नेमकी बोटांखाली किंवा ओठांखाली दबली की आत येणारी हवाच बंद. तू तर मुठीत धरून चिलमीसारखी ओढतोस, तांबे सर गेटवर आले की लपवायला लागलेली सवय!

मला आप्पांची विडी आठवली. आप्पांचं इंजिन म्हणून आपण किती हसायचो, सारखे भकाभका ओढायचे. अरे, तेंदूच्या पानाची विडी झुरका चुकला की विझते, म्हणून ओढत राहावं लागायचं त्यांना. हावरे नव्हते आप्पा. फार वाईट वाटलं मला.

मग बाल्कनीतल्या कुंडीतली थोटकं काढून बघितली. भोकं मोकळी राहिली तर फिल्टरच्या तोंडाशी मध्येच तपकिरी ठिपका पडतो, कडेने पांढरं राहतं. भोकं दाबली गेली तर डाग काठापर्यंत जातो. अकरा थोटकं होती पश्या, नऊ काठापर्यंत तपकिरी.

आता खरं ते लिहितो. 2011 च्या पाडव्याला तू सोडली होतीस. सतरा दिवस. रोड नंबर 16 च्या टपरीवर तू नुसता चहा प्यायचास आणि मला करमत नव्हतं, म्हणून मीच म्हटलं की एकदम कशाला सोडतोस, लाईट घे, अर्धी सोडल्यासारखीच आहे. तू ऐकलंस. इतर वेळी कधी ऐकत नाहीस, मुरुडच्या पेट्रोलचा हिशोब अजून कबूल नाही तुला, आणि हे ऐकलंस. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने 2001 सालीच लिहून ठेवलं होतं की सिगरेटच्या अशा बदलांनी आजार घटल्याचा पटण्यासारखा पुरावा नाही. 2010 पासून तिथे पाकिटावर लाईट, माइल्ड असं लिहायलाही बंदी आहे. आणि मी तुला त्याच्या पुढच्या वर्षी हा सल्ला देत होतो. माहीत नव्हतं हे खरं, पण मला सोबत हवी होती हेही तितकंच खरं. माफ कर मला.

ओंकारची बारावी कशी गेली? नवीन नोकरीत शनिवार सुटी मिळते का? वहिनी फोनवर म्हणाली तुझा खोकला महिनाभर जात नाहीये, आणि तू डॉक्टरकडे जायला तयार नाहीस. सीवूड्स म्हणजे एका लोकलचं अंतर, आणि मी आठ महिने आलो नाही.

या शनिवारी दुपारची ठाणे-पनवेल पकडून येतोय. संध्याकाळी डॉक्टरकडे दोघं जाऊ, माझीही छाती दाखवायचीय. आणि गॅलरीतली ती करवंटी तोपर्यंत रिकामी करू नकोस, तुझी थोटकं मला बघायचीत.

तुझा,
मंग्या