सूचना : शनिवारच्या पुष्परचनेसाठी फुलं आणताना

मंडळी, मार्चची पुष्परचना शनिवारी सकाळी १० वाजता. फुलं-पानं फक्त स्वतःच्या बागेतली आणा. चारच असली तरी चालतील.

शुक्रवारी संध्याकाळी कापा आणि लगेच देठ पाण्यात खोल बुडवून रात्रभर गार जागी ठेवा. पाण्याखाली येणारी पानं आधी काढा, नाहीतर ती कुजून पाणी खराब होतं.

डॅफोडिलला मात्र वेगळी बादली. त्याच्या देठातून बुळबुळीत चीक गळतो आणि त्याच पाण्यात ट्यूलिप असतील तर त्या लवकर माना टाकतात. रात्रभर चीक गळू द्या. रचना करताना देठ पुन्हा कापू नका, कापलात की गळती परत सुरू. चिकाने हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. आणि कृपा करून डॅफोडिलची पानं कापू नका! पुढच्या वर्षीच्या फुलांसाठी कंद त्यांच्यावरच पोसला जातो.

हेलेबोर या बागेतल्या फुलझाडाची केसरं झडून मधले बीजकोश फुगलेलीच फुलं घ्या. कोवळी फुलं लगेच मलूल होतात. ट्यूलिप पाण्यातही वाढते, तेव्हा ती थोडी खाली खोवायची.

हिरवाईला आयव्हीची वेल, शिवाय हेझल झाडाच्या तुरे लोंबणाऱ्या डहाळ्या.

देठ खोचायचा फोम नको, त्याचा चुरा मातीत-पाण्यात प्लास्टिक म्हणूनच उरतो. ब्रिटनच्या आरएचएस (रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी) या बागकाम संस्थेने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला आहे. खुराड्याला लावतात ती ५ सेंमी भोकांची जाळी चुरगाळून भांड्यात बसवू. कात्री आणि खोलगट, जड भांडं आणा.