हिरवी रेषा आणि अकराचा पाढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लेबनॉनमधल्या १९७५-९० च्या यादवीला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय घेतलात, बरे केलेत. मात्र राजधानी बैरूतचे ख्रिस्ती पूर्व आणि मुस्लिम पश्चिम असे दोन तुकडे करणाऱ्या 'ग्रीन लाइन'चा अर्थ लेखात 'इस्लामच्या हिरव्या रंगावरून पडलेले नाव' असा दिला आहे, तो चुकीचा आहे. हुतात्मा चौकापासून दमास्कस रस्त्याने दक्षिणेकडे जाणारा तो पट्टा दोन्ही बाजूंच्या स्नायपरांच्या टप्प्यात होता. वर्षानुवर्षे तिथे कोणी फिरकले नाही, तेव्हा डांबर फोडून गवत आले, मग झुडपे, मग झाडे. हिरवी ती त्यामुळे. चूक एका शब्दाची आहे, पण अख्खा लेखच 'ख्रिस्ती विरुद्ध मुस्लिम, पिढीजात वैर' या खुंटीला टांगलेला असल्यामुळे हे पत्र.

लेबनॉन केवढा? १०,४५२ चौरस किलोमीटर. आपला बेळगाव जिल्हा १३,४१५. बैरूतहून दमास्कस साधारण बेळगावहून कोल्हापूर एवढे. एवढ्याशा मुलखात १८ मान्यताप्राप्त पंथ, आणि प्रत्येकाचा सत्तेतला वाटा ठरलेला. १९४३ च्या राष्ट्रीय करारात, जो कागदावर कधी उतरलाच नाही, राष्ट्राध्यक्ष मारोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया असे ठरले. संसदेत सहा ख्रिस्ती सदस्यांमागे पाच मुस्लिम. म्हणून जागा कायम अकराच्या पाढ्यात: ५५, ७७, ४४, ६६ आणि १९६० पासून ९९. या प्रमाणाला आधार होता १९३२ च्या जनगणनेचा, ज्यात ख्रिस्ती निम्म्याहून किंचित जास्त भरले होते. पुन्हा अधिकृत जनगणना झालीच नाही, आजतागायत नाही. मोजले तर वाटा बदलायला लागेल, म्हणून मोजायचेच नाही. कोणत्या सालची जनगणना धरायची यावर सीमाभागातला माणूस रात्रभर बोलू शकतो, त्यामुळे यातली मेख आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. आपल्याकडे निदान दर वेळी भांडायला नवे आकडे तरी मिळतात.

१३ एप्रिल १९७५ ला ऐन अल-रुम्माने भागात पॅलेस्टिनींच्या बसवर गोळीबार होऊन २७ जण मेले, ही ठिणगी लेखात आली आहे. ती ज्यावर पडली तो दारूगोळा आलेला नाही. १९६९ च्या कैरो कराराने पॅलेस्टिनी संघटनांना लेबनॉनच्या भूमीवर सशस्त्र राहण्याची मुभा मिळाली आणि १९७०-७१ मध्ये जॉर्डनने हाकलल्यावर त्यांची मुख्य फौजच इथे आली. सरकारच्या हुकमाबाहेरची बंदूक एकाने बाळगली की शेजारी आपापली बंदूक शोधू लागतो.

माणसे कशी निवडून मारली, हेही लिहायला हवे होते. लेबनॉनच्या ओळखपत्रावर तेव्हा नावाबरोबर पंथ छापलेला असे. ६ डिसेंबर १९७५ च्या 'काळ्या शनिवारी' फलांजिस्टांनी, म्हणजे मारोनाइटांच्या सशस्त्र पक्षाने, बैरूतच्या रस्त्यांवर अडथळे उभारले, गाड्या थांबवल्या, कार्ड मागितले, पंथाची ओळ वाचली आणि माणसाला उतरवून घेतले. संध्याकाळपर्यंत मेलेल्यांची संख्या शेकड्यांत गेली. समोरच्यांनीही तीच रीत उचलली. यासाठी मनात वैर मुरलेले असावे लागत नाही. एक पिंप, एक दोरी आणि अक्षरओळख असलेला एक पोरगा पुरतो. कार्ड नसले तर जिभेची परीक्षा. टोमॅटोला लेबनीज माणूस 'बनदूरा' म्हणतो, पॅलेस्टिनी 'बन्दोरा'. तेवढ्यावर जीव जाई. 'काय करूलालास' ऐकल्यावर बोलणारा बेळगावकडचा, हे आपल्या स्टँडवरच्या चहावाल्यालाही कळते. तो फार तर पाहुण्याला दोन बिस्किटे जास्त देतो.

पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला मोजकीच नाकी होती, त्यांतले प्रसिद्ध म्हणजे म्युझियमजवळचे. ते कधी उघडे, कधी बंद, आणि उघडे म्हणून अर्ध्यात गेलेल्यावर गोळ्या. टिळकवाडीचे रेल्वे गेट दहा मिनिटे पडले की आपण कासावीस होतो. तिथे पंधरा वर्षे लोक सकाळी रेडिओ ऐकून, नाके चालू आहे का ते कळल्यावरच घर सोडायचे.

आता 'ख्रिस्ती विरुद्ध मुस्लिम' या मथळ्याकडे येऊ. जून १९७६ मध्ये सीरियाचे सैन्य लेबनॉनमध्ये शिरले ते मारोनाइटांना वाचवायला, पॅलेस्टिनी आणि डाव्यांच्या विरुद्ध. पुढे तेच सीरिया मारोनाइटांवर तोफा डागत होते. जून १९७८ मध्ये एहदेन इथे टोळीप्रमुख टोनी फ्रांजिए यांना बायको-मुलीसह मारले ते फलांजिस्टांनी, दोघेही मारोनाइट. जुलै १९८० मध्ये फलांजिस्टांचे नेते बशीर जमाएल यांच्या माणसांनी शमून गटाच्या 'टायगर्स'ना सफ्रा इथे कापून काढले, दोघेही मारोनाइट. १९८५ पासून शिया 'अमल'ने पॅलेस्टिनी छावण्यांना वेढा घातला आणि १९८८ मध्ये 'अमल' व 'हिजबुल्ला' हे दोन शिया गट एकमेकांवर तुटून पडले. १९९० च्या जानेवारीत लष्करप्रमुख जनरल औन यांचे सैन्य आणि 'लेबनीज फोर्सेस' ही ख्रिस्ती सशस्त्र संघटना पूर्व बैरूतमध्ये भिडले, तिथेही दोन्हीकडे ख्रिस्ती. धर्म खोटा होता असे नाही. पण गल्लीत हुकूम कोणाचा, हा झगडा आपल्याच पंथातही रक्तबंबाळ झाला. मथळा देणाऱ्याला हे गैरसोयीचे असते, मान्य आहे.

आणि पैसा. लेखात त्याची एक ओळ नाही. बैरूत बंदराचा पाचवा धक्का फलांजिस्टांकडे गेला आणि तिथली जकात सरकारऐवजी त्यांच्या तिजोरीत पडू लागली. इतर गटांनी किनाऱ्यावर आपापली चोरबंदरे उघडली. पेट्रोलवर पट्टी, नाक्यावर पट्टी, बेका खोऱ्यात चरस. ज्याचे उत्पन्न नाक्यावर, तो नाके उठू देत नाही; शस्त्रसंध्या एकामागून एक का मोडल्या याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे लष्करात: १९७६ च्या सुरुवातीला ते फुटले, शिपाई शस्त्रांसह आपापल्या पंथाकडे गेले आणि मधे उभे राहायला कोणी उरले नाही.

'यादवी' हा आपला शब्दही इथे तोकडा पडतो. प्रभासक्षेत्री यादवांनी उपटलेल्या लव्हाळ्याचीच मुसळे झाली. लोखंड घरचे होते. लेबनॉनमधले मुसळ बाहेरून आले. ख्रिस्ती गटांना इस्रायलने दिले, नंतर काहींना इराकनेही. समोरच्यांना सीरिया, लिबिया. हिजबुल्लाला १९८२ पासून इराण.

शेवटी काही दुरुस्त्या, कृपया छापाव्यात. संसदेच्या ९९ जागा ही जुनी गोष्ट. २२ ऑक्टोबर १९८९ च्या ताइफ कराराने सहास पाचऐवजी निम्मे-निम्मे केले आणि १९९२ पासून जागा १२८ आहेत, ६४ आणि ६४. अकराचा पाढा सुटला, पंथाचा सुटला नाही. 'दोषींना शिक्षा झाली' हे वाक्यही काढावे: ऑगस्ट १९९१ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा झाला आणि टोळ्यांचे म्होरके मंत्री झाले. मृतांचा दीड लाख हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे, तसे लिहावे. आणि बेपत्ता सुमारे १७,००० जणांचा उल्लेख लेखात अजिबात नाही. त्यांचा शोध घेणारा आयोग नेमण्याचा कायदा व्हायला २०१८ चा नोव्हेंबर उजाडला. तोवर वाट पाहणाऱ्या कितीतरी आया गेल्या होत्या.

आपले,
इतिहासाचे काही शिक्षक
बेळगाव, खानापूर, निपाणी