कामचुकार नाही रे तो

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

प्रिय बंड्या,

तुमच्या खाणीत डंपरखाली माणूस गेला, तेव्हापासून तुझ्या शिफ्टमधला ऑपरेटर त्या उतारावर गाडी न्यायला तयार नाही आणि साहेब त्याला कामचुकार म्हणतात. फोनवर तू हे सांगितलंस, पण मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

कामचुकार नाही रे तो. आमच्या एका लाईनमनचा विजेच्या खांबावरच जीव गेला, तेव्हा खाली उभा असलेला हेल्पर रोज ड्युटीवर यायचा. पण चढायची वेळ आली की त्याची कंबर धरायची. झोप नाही, फटाका वाजला की दचकायचा, लेकरांवर खेकसायचा, संध्याकाळी पव्वा. घरच्यांनी बाहेरचं लागलं म्हणून अंगारा लावला, स्टाफ म्हणे पिऊन वाया गेला. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरकडे गेला, तर ईसीजी नॉर्मल. आपला माणूस 'भेव वाटते' असं म्हणतच नाही. कंबर सांगेल, छाती सांगेल.

म्हणून मी मानसिक आरोग्याचं व्याख्यान वगैरे ठेवलं नाही. तसा बोर्ड लावला की लोकांना थेट नागपूरचा पागलखाना दिसतो. कामावर निघण्याआधी आमची सेफ्टीची बैठक होते, परमिट, हातमोजे, अर्थिंग रॉड (बंद लाईनमधला उरलासुरला करंट जमिनीत सोडणारा), त्यातच हा विषय घातला. पहिल्या दिवशी सगळे मान खाली घालून. मग एक जुना लाईनमन म्हणाला, "लाईन बंद केली तरी तिच्यात करंट राह्यते ना बे? रॉड लावल्याबिगर हात लावतो का आपण? तसंच हाय हे." माझं अर्धं शिकवणं त्यानंच उरकलं.

सांगायचं थोडंच असतं. असं काही डोळ्यांदेखत घडलं की सुरुवातीला झोप उडते, तेच तेच दिसतं, डोकं तापतं. बहुतेक जण हळूहळू सावरतात. महिना उलटला तरी तेच, किंवा वाढलं, तर डॉक्टर. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या निमित्तानं पीटीएसडी (जबर धक्क्यानंतर मनाला जडणारं दुखणं) हे नाव १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत आलं, म्हणून पोट्ट्यांना वाटतं हे फौजींचंच दुखणं. खांबाखालच्या हेल्परलाही होतं, हे त्यांना सांगावं लागतं.

साहेब लोक सगळ्यांना गोल बसवून "काय पाहिलं ते सांगा" म्हणतील. ते होऊ देऊ नको. बळजबरीनं वदवून घेतल्यानं जखम भरत नाही, उलट चिघळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या पुस्तिकेत तीनच कामं सांगितलीत: बघा, ऐका, जोडून द्या. बघणं आणि ऐकणं आपल्या हातात आहे. जोडून द्यायला जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर: फुकट, रात्री-बेरात्रीही, मराठीत बोलता येतं. तो नंबर नोटीस बोर्डापेक्षा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दे.

पुण्याहून तज्ज्ञ आणायची वाट पाहू नको. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावातलीच माणसं शिकवून कामाला लावली, तर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. दीड वर्षात!

आमचा हेल्पर आता चढतो. डॉक्टरच्या सल्ल्यानं आधी नुसता खाली रॉड धरायचा, मग बंद लाईनवर जोडीदाराबरोबर. ज्या फीडरवर (वीजवाहिनीवर) अपघात झाला, तिथं मात्र अजून एकटा जात नाही, आणि आम्ही पाठवतही नाही. पगार कापला नाही, ओव्हरटाईम बुडू दिला नाही. हे फार महत्त्वाचं आहे, बंड्या. "तब्येतीचं सांगितलं की ऑफिसात शिक्का बसतो" ही भीती त्या अपघाताइतकीच खोल असते. त्यामुळे कोण काय बोललं ते रजिस्टरात लिहू नको, आणि बैठकीचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नको.

त्या ऑपरेटरला सध्या दुसरा रस्ता दे. साहेबांशी मी बोलू का? दिवाळीच्या आधीची तारीख कळव; एकदा कापसाचा वेचा लागला की इथून निघणं कठीण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
भाऊ