न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना खुले पत्र: मॉरिसटाउनचे मॅजिस्ट्रेटही मुलांना शिकवा

माननीय गव्हर्नर,

सप्रेम नमस्कार.

पार्सिपनी-एडिसन भागातली आम्ही मराठी मंडळी मुलांना मॉरिसटाउन दाखवायला नेतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांशी लढणाऱ्या फौजेचा हिवाळी तळ इथे होता. तळाच्या जागी, जॉकी हॉलोत, असलेल्या सैनिकांच्या झोपड्या आणि १७७९-८० चा तो जीवघेणा हिवाळा मुलांच्या लक्षात राहतो. पण त्या उपाशी फौजेला जगवले कोणी, असे विचारले की ती गप्प होतात. त्यासाठीच हे पत्र.

जानेवारी १७८० मध्ये बर्फाने रस्ते बंद झाले. कधी पाव नाही, कधी मांस नाही, कधी दोन्ही नाही. भुकेले सैनिक आसपासची शेतघरे लुटू लागले. फौजेचे सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हाताशी बंदुका होत्या. शिवाय लोकांकडून माल जप्त करायला ते कचरतात म्हणून काँग्रेसने (बंड केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने) डिसेंबर १७७७ मध्येच त्यांना टोकले होते. तरी ८ जानेवारीला त्यांनी न्यू जर्सीतल्या प्रत्येक काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मॅजिस्ट्रेटना, म्हणजे स्थानिक न्यायाधिकाऱ्यांना, पत्र लिहिले: फौजेची अशी दशा आहे, तुमच्या काउंटीकडून इतकी गुरे आणि इतके धान्य हवे.

पत्र घेऊन लष्करी अधिकारी गेले, आणि मॅजिस्ट्रेट नाही म्हणाले तर जप्ती करा, हा हुकूमही त्यांच्याजवळ होता. विनंतीमागे धाक होता, हे लपवायचे कारण नाही. पण त्याच हुकुमात बजावले होते की कुठल्याही कुटुंबाच्या पोटापुरते काढून घेऊ नका, दुभत्या गाईंना हात लावू नका. मला सेनापती म्हणून वॉशिंग्टन सगळ्यात मोठे वाटतात ते इथे, एखाद्या लढाईत नव्हे.

मॅजिस्ट्रेटनी वॉशिंग्टन यांचा शब्द राखला. कित्येक काउंट्यांनी मागितल्यापेक्षा जास्त दिले. फौज मोडली नाही ती यांच्यामुळे, हे वॉशिंग्टन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

शेतकऱ्याच्या हाती मात्र पैशांऐवजी पावती आली. कागदी चलनाची किंमत घसरतच होती. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच जुने ४० कागदी डॉलर चांदीच्या एका डॉलरबरोबर धरले. गोठ्यातले जनावर गेले आणि घरात कागद उरला. स्वतःच्या शेजाऱ्यापाशी जाऊन हे मागणे त्या मॅजिस्ट्रेटना किती जड गेले असेल! त्यांना गावातच राहायचे होते, फौज पुढे निघून जाणार होती.

म्हणून मागणी अशी. स्वातंत्र्याच्या २५० वर्षांच्या निमित्ताने राज्य जे कार्यक्रम करील, त्यांत या मॅजिस्ट्रेटना आणि शेतकऱ्यांना जागा द्या. प्रत्येक काउंटीच्या कोर्टात तिच्या वाट्याला किती गुरे-धान्य आले होते आणि तिने किती दिले, याचा फलक लावा. आणि शाळांतून ८ जानेवारीचे पत्र व जप्तीचा हुकूम हे दोन्ही कागद एकत्र वाचायला द्या. वॉशिंग्टन यांचे वागणे योग्य होते का, यावर आठवीतली मुले भांडतील. भांडू द्या त्यांना.

आपला,
न्यू जर्सीतला एक मराठी पालक